दोन रिळांची कार्मेन

वीसेक वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका छोट्या फिल्म सोसायटीने मला चार्ली चॅप्लिनच्या १९१५ सालच्या चित्रपटांवर बोलायला बोलावले होते. मी तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होतो. चित्रपटाचे रीतसर शिक्षण नव्हते, पण वाचलेले-पाहिलेले बरेच साठले होते आणि ते कोणाला तरी सांगायची घाई होती. त्या संध्याकाळी ‘बर्लेस्क ऑन कार्मेन’ दाखवला. बिझेच्या जगप्रसिद्ध ऑपेराचे चार्लीने केलेले विडंबन. प्रत बाजारात मिळणारी, स्वस्तातली, लांबलचक. दिवे लागल्यावर मी ठामपणे सांगितले, की हा चार्लीचा फसलेला चित्रपट आहे. विनोद पसरट, कथानक दोन दिशांना फाकलेले, जिप्सींच्या तळावरचे प्रसंग म्हणजे नुसते भरताड. शिवाय ऑपेरा सुरांवर उभा. त्याचे विडंबन मूकपटात करायला जाणे हीच मुळात चूक. एवढ्यावर न थांबता मी त्या भाषणाचा लेख केला आणि तो एका अनियतकालिकात छापूनही आला.

मागच्या रांगेत एक निवृत्त चित्रपट-संकलक बसले होते. चहाच्या वेळी ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘अहो, तुम्ही दोन पिक्चर एकत्र बघितलेत. तो तिरळा माणूस आणि चार्ली एकदा तरी एका फ्रेममध्ये येतात का, बघा. मला जोड दिसला.’’ मी हसून विषय बदलला. पण खारदांड्याला घरी परतताना ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री घरातले सगळे झोपल्यावर चित्रपट पुन्हा लावला. तिरळा माणूस म्हणजे बेन टर्पिन, मूकपटांतला नावाजलेला विनोदी नट. तो डोंगरात हिंडतो, जाड बायकोच्या मागे लागतो, मारामाऱ्या करतो. चार्ली शहरात असतो. दोघांची गाठ पडतच नाही. टर्पिनला संपूर्ण उचलून बाजूला ठेवले, तरी चार्लीच्या गोष्टीचा एक टाका उसवत नाही.

मी ज्या चित्रपटाला नावे ठेवली होती, त्यातला बराचसा भाग चार्लीने केलेलाच नव्हता. ते कळल्यावर कागदपत्रे जमतील तशी वाचत गेलो. त्या जुन्या लेखाची दुरुस्ती करणे राहून गेले होते, ती इथे करतो आहे. ती करताना ध्यानात आले, की माझी दुसरी तक्रार, म्हणजे मूकपटाने ऑपेराचे विडंबन कसे करावे ही, तीही चुकीच्या गृहीतावर उभी होती.

आधी कार्मेनविषयी थोडे. प्रॉस्पेर मेरिमे या फ्रेंच लेखकाची लघुकादंबरी १८४५ची. स्पेनमधला होसे नावाचा शिपाई, सिगारच्या कारखान्यात काम करणारी जिप्सी कार्मेन, तिच्यापायी त्याने सोडलेली नोकरी, पत्करलेली चोरटी वाट आणि शेवटी तिचा खून. मेयाक आणि आलेव्ही या जोडीने त्यावरून संहिता लिहिली, जॉर्ज बिझेने संगीत दिले आणि ३ मार्च १८७५ रोजी पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिकमध्ये पहिला प्रयोग झाला. बायकामुलांसह येणाऱ्या तिथल्या प्रेक्षकाला रंगमंचावर सुऱ्याने भोसकलेली नायिका मानवली नाही. बरोबर तीन महिन्यांनी, ३ जूनला, बिझे छत्तिसाव्या वर्षी वारला. कार्मेनची कीर्ती त्याने पाहिली नाही.

एक गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते. आपण ऑपेरा म्हणजे आदिअंत गाणे असे धरून चालतो आणि आपले संगीत नाटक त्याहून वेगळे मानतो. बिझेची मूळ कार्मेन मात्र आपल्या संगीत नाटकाच्या बरीच जवळची होती. गाणी संपली की पात्रे साध्या गद्यात बोलत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात प्रयोग ठरला, तेव्हा ते गद्य काढून त्या जागी गायलेले संवाद घातले गेले. ते अर्नेस्ट गिरो या बिझेच्या मित्राने, बिझेच्या मृत्यूनंतर रचले. पुढे कित्येक दशके जगाने ऐकली ती बव्हंशी ही गिरोची भर घातलेली कार्मेन. म्हणजे चार्लीच्या कार्मेनचे जे झाले, ते आधी बिझेच्या कार्मेनचे होऊन चुकले होते. फरक इतकाच, की गिरोने ते मैत्रीपोटी केले.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आले ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पॅरिसच्या त्या प्रयोगानंतर साडेपाच वर्षांनी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण गद्य आणि पद यांच्या सांध्यावर उभा असलेला नाट्यप्रकार म्हणजे काय, हे पॅरिसच्या प्रेक्षकाइतकेच पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकालाही कळत होते, आणि गाणे काढून घेतले तर मागे काय उरते हा प्रश्न दोघांनाही लवकरच पडणार होता.

आपल्याकडे तो १९१२मध्ये पडला. दादासाहेब तोरणे यांनी ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरचे नाटक कॅमेऱ्यात टिपले आणि १८ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ते पडद्यावर दाखवले. पहिला भारतीय चित्रपट कोणता, या वादात ‘पुंडलिक’चे नाव येते आणि फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पुढे मागे पडते. वादाचे एक कारण हेच, की हा चित्रपट की नाटकाचे चित्रण? त्याची प्रत आज उपलब्ध नाही. पण कल्पना करून पाहा. नाटक पडद्यावर आहे, नट तोंड हलवतो आहे आणि ऐकू काही येत नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला यात गंमत वाटली असेल की विपरीत? मला वाटते, थोडे थोडे दोन्ही.

अमेरिकेत हाच प्रयोग मोठ्या पैशाने झाला. जेराल्डीन फरार ही न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराची तेव्हाची सर्वांत लाडकी गायिका. १९१४च्या नोव्हेंबरात तिने कारुसोबरोबर, टॉस्कानिनीच्या हाताखाली तिथे कार्मेन गायली. लगेच पुढच्या उन्हाळ्यात तिला हॉलिवूडला नेण्यात आले ते त्याच भूमिकेसाठी, आवाजाशिवाय. बालगंधर्वांना मूकपटात घ्यावे, तसेच हे. दिग्दर्शक सेसिल बी. डेमिल. त्याने धोरणीपणाने तिच्याकडून आधी ‘मारिया रोसा’ नावाचा दुसराच चित्रपट सरावासाठी करून घेतला आणि मग कार्मेन चित्रित केला. प्रदर्शित मात्र कार्मेन आधी केला. १ ऑक्टोबर १९१५ रोजी बोस्टनच्या सिम्फनी हॉलमध्ये, म्हणजे मुळात संगीतासाठी बांधलेल्या जागेत, तो पहिल्यांदा दाखवला गेला. बिझेच्या सुरावटींवरून ह्यूगो रीसेनफेल्डने बांधलेले संगीत वाद्यवृंदाने वाजवले. फरारचा आवाज तेवढा नव्हता. याच हंगामात फॉक्स कंपनीने थीडा बारा हिला घेऊन राउल वॉल्शच्या दिग्दर्शनाखाली दुसरी कार्मेन आणली. तिची प्रत आज कुठेच नाही.

आता कळीचा मुद्दा. ऑपेराच्या संहितेचे हक्क डेमिलच्या कंपनीला परवडले नाहीत. म्हणून सेसिलचा भाऊ विल्यम याने पटकथा लिहिली ती थेट मेरिमेच्या कादंबरीवरून, ऑपेराला वळसा घालून. त्यामुळे ऑपेरातली सालस मिकाएला, होसेच्या आईची पत्रे घेऊन येणारी ती गावाकडची मुलगी, चित्रपटात नाही. ऑपेरातली कार्मेन होसेकडे फूल फेकते ते स्वतःच्या लहरीने. डेमिलची कार्मेन ठरवून त्याच्या वाटेला जाते. तटाच्या खिंडारावर पहारा देणाऱ्या या शिपायाला तिने भुलवावे आणि चोरटा माल आत यावा, असा टोळीचा बेत असतो. खिंडाराचा पहारा कादंबरीत आहे, ऑपेरात नाही.

या कसोटीवर चार्लीचा चित्रपट घासून पाहिला की उत्तर मिळते. त्यात मिकाएला नाही. आईचे पत्र नाही. पहारा आहे, चोरट्या मालाची टोळी आहे, आणि एडना पर्व्हियन्सने केलेली कार्मेन शिपायाला भुलवायला येते ती टोळीच्या कामासाठी. कारखान्यातल्या बायकांची झोंबाझोंबी आहे. डेमिलच्या चित्रपटात फरार आणि जीनी मॅक्फर्सन यांच्यात झालेली ती मारामारी त्या वेळी फार गाजली होती. चार्ली ऑपेराची थट्टा करतच नव्हता. गाणारी बाई मुकी करून तिच्याभोवती उभारलेला जो भव्य चित्रपट त्या शरदात गाजत होता, त्याची तो थट्टा करत होता. चित्रपटाने चित्रपटाचे केलेले विडंबन म्हणून पाहिले, की माझा जुना आक्षेप कोलमडतो. मूकपटाने सुरांचे विडंबन कसे करावे, हा प्रश्न चार्लीपुढे नव्हताच. सूर आधीच कोणीतरी काढून नेले होते.

या चित्रपटांनी पुढे ऑपेरावरही परिणाम केला, हे जाता जाता नोंदवतो. १९१६च्या आरंभी फरार मेट्रोपोलिटनच्या रंगमंचावर परतली ती पडद्यावरचा आडदांडपणा अंगात भिनवून. कारखान्याच्या प्रसंगात तिने एका समूहगायिकेला खरोखर गदागदा हलवले आणि कारुसोलाही एक लगावली, असे सांगतात. कारुसो भडकला. गाणाऱ्या माणसाने पडद्यावर जाऊन काय आणले, तर एक थोबाडीत!

चार्लीच्या पात्राचे नाव ‘डार्न होजरी’. डॉन होसे या नावाचा अमेरिकन तोंडात झालेला हा चिवडा, आणि त्याचा अर्थ रफू केलेले मोजे. मराठीत हे आणता येत नाही. ‘दोन मोजे’ म्हटले तर नादाच्या थोडे जवळ जाते, पण रफू निसटतो. या नावात चार्लीची सगळी भूमिका आहे. फरारचा नायक वॉलेस रीड हा देखणा, रुंद छातीचा. चार्ली गणवेशात येतो तो गणवेशाला पुरत नाही असा. नेहमीची विजार, काठी, टोपी नाही. शिरस्त्राण आणि तलवार आहे, आणि त्या तलवारीशी त्याचे कधीच जमत नाही. काठी त्याच्या हाताचा भाग होती. तलवार म्हणजे पाहुणा आलेला नातेवाईक, कुठे ठेवावा कळत नाही. खानावळीत कार्मेन टेबलावर चढून नाचते, तर हाही चढतो. लिओ व्हाइटने केलेल्या अधिकाऱ्याशी त्याचे द्वंद्व तलवारीने सुरू होते आणि कुस्तीत उतरते. आणि विनोद चालू असताना कार्मेनवरची त्याची नजर मात्र थट्टेची नाही. तिथे तो गंभीर आहे, आणि हे गांभीर्य शेवटच्या प्रसंगापर्यंत त्याने कोणाच्या ध्यानात येऊ दिलेले नाही.

हे सगळे चार्लीने दोन रिळांत बसवले होते. एक रीळ साधारण हजार फुटांचे, म्हणजे चित्रपट अर्ध्या तासाच्या आसपासचा. १९१५च्या अखेरीस तो तयार होता. एसने कंपनीशी त्याचा करार आठवड्याला साडेबाराशे डॉलरचा, तो संपत आला होता. फेब्रुवारी १९१६मध्ये तो म्युच्युअल कंपनीकडे गेला, आठवड्याला दहा हजार डॉलर आणि वर दीड लाखांची रक्कम हातात घेऊन. मागे राहिलेल्या एसनेकडे चार्ली नव्हता, पण चार्लीची रिळे होती. चित्रपटगृहांना तेव्हा लांब चित्रपटांची चटक लागली होती आणि लांब चित्रपटाचे भाडे जास्त. मग कंपनीने चार्लीने टाकून दिलेले तुकडे काढले, अधिकारी झालेल्या त्याच लिओ व्हाइटच्या हाती दिग्दर्शन दिले, टर्पिनला बोलावून जिप्सींचे एक उपकथानक चित्रित केले, आणि दोन रिळांची चार रिळे केली. एप्रिल १९१६मध्ये ही फुगवलेली कार्मेन चार्लीच्या नावाने बाजारात आली.

चार्ली न्यायालयात गेला आणि हरला. पगारी नटाने मालकासाठी केलेले काम मालकाचे, त्याचे काय करावे हे मालक ठरवणार, असा एकंदर व्यवहार. जवळजवळ अर्धशतकानंतर, १९६४च्या आत्मचरित्रात, त्याने लिहिले आहे की या प्रकाराने तो इतका खचला, की दोन दिवस अंथरुणाला खिळून होता; आणि त्यानंतरच्या प्रत्येक करारात, पूर्ण झालेल्या कामात कोणी कापाकापी, वाढ किंवा ढवळाढवळ करायची नाही, असे कलम त्याने घालून घेतले. तो पुढे स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या स्टुडिओत चित्रपट करणारा, एकेक दृश्य शंभरदा घेणारा, कोणालाही हात लावू न देणारा हट्टी माणूस झाला. त्या हट्टाची मुळे अनेक असतील, पण एक मूळ या चार रिळांत आहे. एसनेने मात्र धडा घेतला नाही. १९१८मध्ये तिने चार्लीच्या जुन्या तुकड्यांना पुन्हा लिओ व्हाइटकडून ठिगळे लावून ‘ट्रिपल ट्रबल’ नावाचा आणखी एक ‘नवा’ चार्लीपट विकला.

लिओ व्हाइटविषयी मला जरा वाईट वाटते. तो चांगला नट होता. चार्लीच्या बरोबरीने कितीतरी चित्रपटांत फ्रेंच उमरावाची सोंगे त्याने झकास वठवली आहेत. चार्लीची चाल त्याने जवळून पाहिलेली होती, म्हणूनच कंपनीने त्याला निवडले असणार. पण चाल पाहिलेली असणे आणि कुठे थांबायचे ते कळणे यांत अंतर आहे. टर्पिनचे प्रसंग सुटे पाहिले तर वाईट नाहीत. टर्पिन तिरळ्या डोळ्यांनी हसवतोच. चार्लीच्या प्रसंगांच्या मध्ये ते आले, की दोन्हींचा जीव जातो. विडंबन जितके लांबते तितके ते ज्याची थट्टा करते त्याच्यासारखेच दिसू लागते. चार रिळांची कार्मेन डेमिलच्या कार्मेनइतकीच ऐसपैस झाली, मग थट्टा कोणाची करायची?

प्रक्षेप कसा ओळखायचा, ही कला आपल्या अभ्यासपरंपरेला नवी नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती लोकांनी आपापल्या पाठांत केलेली भेसळ दूर करून. आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असे शेवटी बजावूनही ठेवले. चार्लीचे ते करारातले कलम आणि नाथांचे हे बजावणे यांची जात एकच. तुकोबांच्या गाथ्यात कोणता अभंग त्यांचा आणि कोणता नंतरच्या कोणाचा, यावर आपल्याकडे किती शाई खर्च झाली आहे. तिथे भाषा, छंद, नाममुद्रा, पोथीचे वय या खुणा असतात. चित्रपटात दुसऱ्या असतात. हे पात्र त्या पात्राबरोबर एका चौकटीत येते का? ऊन कुठल्या बाजूचे आहे? नट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो तेव्हा त्याचा वेग तोच राहतो का? जिथे चार्ली असतो तिथे कॅमेरा त्याच्या पायांना जागा देतो. जिथे नसतो तिथे कॅमेरा फक्त गर्दी पाहतो. ही शेवटची खूण माझी स्वतःची आहे, तिला शास्त्राचा आधार नाही, पण वीस वर्षे तिने मला फसवलेले नाही.

हे काम रीतसर केले ते डेव्हिड शेपर्ड या अमेरिकन चित्रपट-जतनकाराने. चार्लीने भरलेल्या त्या दाव्याची न्यायालयीन कागदपत्रे त्याने तपासली, कारण काय काय वाढवले याची तक्रार चार्लीने तिथे केलेली होती. जो खटला चार्ली हरला, त्याच खटल्याच्या कागदांवरून १९९९मध्ये त्याची दोन रिळांची कार्मेन, जमेल तितकी मूळ रूपात, पुन्हा उभी राहिली. ती मी पाहिली तेव्हा माझा लेख छापून बरीच वर्षे झाली होती.

इथे आपल्या घरातले एक उदाहरण आठवते. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जी रिळे आपण पाहतो, पाठ्यपुस्तकांत ज्यांची छायाचित्रे १९१३ची म्हणून छापतो, ती फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या हरिश्चंद्राची असावीत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. इथे प्रक्षेप करणारा परका नाही, स्वतः फाळकेच आहेत, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. पण १९१३चे फाळके कसे होते याविषयी आपण जी मते मांडतो, ती चार वर्षांनी हात बसलेल्या फाळक्यांकडे पाहून मांडतो. मूकपटाविषयी ठाम बोलणाऱ्याने आपण कुठली प्रत पाहिली ते आधी सांगितले पाहिजे. मी ते सांगितले नव्हते. मला ते सांगायचे असते हेच ठाऊक नव्हते.

आता शेवटच्या प्रसंगाकडे येतो. दोन रिळांच्या प्रतीत तो लवकर येतो आणि म्हणूनच अंगावर येतो.

बैलझुंजीच्या आखाड्याबाहेर होजरी कार्मेनला गाठतो. ती आता एस्कामियोची, त्या बैलाशी लढणाऱ्या वीराची झाली आहे. इथपर्यंत आपण हसत आलेलो असतो आणि पुढच्या कोलांटीची वाट पाहत असतो. कोलांटी येत नाही. चार्लीचा चेहरा बदलतो. तो तिला धरतो, विनवतो, ती झिडकारते. तो सुरा काढतो आणि मारतो. एडना हळूहळू त्याच्या हातांवर कलंडते. तो तिला खाली ठेवतो, तिच्याकडे पाहतो, आणि तोच सुरा स्वतःला मारून तिच्या अंगावर पडतो. या सगळ्यात एकही विनोद नाही. वॉलेस रीडने हा प्रसंग जितक्या गंभीरपणे केला, त्याहून चार्लीने तो खरा केला आहे. कारण रीडला आपण शोकांतिकेचा नायक म्हणून ओळखत होतो आणि होजरीला रफू केलेला मोजा म्हणून.

मग एस्कामियो येतो. पालथा पडलेला, मेलेला होजरी मागच्या मागे लाथ झाडून त्याला दाराबाहेर उडवतो आणि पुन्हा मरतो. आणि मग दोघेही उठतात. चार्ली प्रेक्षकाला सुरा दाखवतो: दाबला की पाते मुठीत शिरते. दोघे हसतात.

माझ्या जुन्या लेखात मी याला पळवाट म्हटले होते. शोकांतिकेपर्यंत जायचे धाडस केले आणि ऐनवेळी कच खाल्ली, असे काहीतरी वाक्य होते. आज ते मान्य नाही, आणि त्याला कारण शेपर्डची प्रत नाही, आमचा दांडा आहे.

माझ्या लहानपणी शिमग्यात पोरे सोंगे घेऊन दारोदार पोस्त मागत फिरायची. एक सोंग ठरलेले: तिरडी. कोणीतरी मेल्यासारखा आडवा, चौघे खांदेकरी, पुढे मडके, मागे लुगडी नेसलेले बाप्ये ऊर बडवत. घरासमोर तिरडी ठेवायची, रडून रडून पैसे मागायचे आणि पैसे मिळाले की मेलेल्याने उठून विडी मागायची. एका वर्षी हे सोंग गल्लीतल्या एका म्हातारीच्या दारात गेले. तिचा थोरला त्याच पावसाळ्याआधी समुद्रावर गेला होता, तो परत आला नव्हता. पोरांना ते सुचले नाही. म्हातारी बाहेर आली आणि तिरडीजवळ बसून खरोखरीची रडू लागली. लुगडी नेसलेले बाप्ये गप्प झाले. आडवा पडलेला पोरगा डोळे मिटून तसाच पडून राहिला. उठावे की नाही, त्याला कळेना. शेवटी तिनेच त्याला ढोसले. ‘‘ऊठ रे मेल्या,’’ म्हणाली. तो उठला. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आत जाऊन आणेली आणली आणि हसली. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. तो उठला नसता तर काय झाले असते, असे मला पुष्कळ दिवस वाटत राहिले.

संगीत नाटकांच्या जुन्या शौकिनांकडून एक गोष्ट हसत हसत ऐकलेली असते: मरणाच्या प्रसंगातल्या पदाला वन्समोअर आला, की मेलेले पात्र उठून बसायचे, पद पुन्हा म्हणायचे आणि पुन्हा मरायचे. नव्या मंडळींनी याला वास्तवाचा विचका म्हणून नाके मुरडली. मीही मुरडत असे. पण त्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत पहिल्या मरणाला पाणी आलेले असे आणि दुसऱ्या मरणालाही येत असे. सुरा खोटा आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत होते आणि त्यामुळे त्याचे रडणे थांबत नव्हते. चार्लीने पाते मुठीत सारून दाखवले ते नेमके हेच. त्याने आधीचे मरण पुसले नाही. पुसायचे असते तर त्याने आधीच, मरतानाच, एखादी कोलांटी घातली असती. त्याला ती काय जड होती? तो पूर्ण मेला, आपल्याला पुरते गप्प केले, आणि मग ढोसल्यासारखा उठला.

आणि ही लाथ. चार रिळांच्या प्रतीत ती येईपर्यंत आपण इतके कंटाळलेलो असतो, की ती शंभरातली एक लाथ वाटते. दोन रिळांत ती एकटी असते. मेलेला माणूस प्रतिस्पर्ध्याला लाथ घालतो आणि आपली जागा न सोडता परत मरतो, यात होसेचा सगळा मत्सर आहे. बिझेच्या होसेला हे करता आले नसते. त्याला शेवटी अटक करून घ्यावी लागते.

शेपर्डच्या प्रतीविषयीही माझी एक शंका आहे. न्यायालयातली तक्रार हा पक्षकाराचा कागद असतो. पक्षकार आपल्या बाजूने थोडे सोयीचे बोलतो. काही प्रसंगांची लांबी चार्लीने ठेवली होती तेवढीच आता आहे का, की टाकून दिलेल्या तुकड्यांपैकी एखादा अजून आत राहिला आहे? पहाऱ्यावरची एक-दोन दृश्ये मला अजूनही ताणलेली वाटतात. जोड मात्र दिसत नाही. त्या संकलक काकांना ही प्रत दाखवायची होती. मी त्यांचा पत्ता शोधीपर्यंत ते राहिले नव्हते.